अंतर्कर्णाची रचना आणि आपल्या बाळाचे ऐकणे



म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरात १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. बेळगाव-निपाणीकडून अशा संस्थेची पायरी चढणाऱ्या आईवडिलांच्या मनात एकच प्रश्न असतो : आमचे बाळ ऐकू लागेल ना? त्याचे उत्तर शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीतून मिळू लागते.

अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा अवयव असतो. काही बालकांत गर्भावस्थेच्या आरंभीच त्याची वाढ अपुरी राहते. कार्लो मोंदिनी या इटालियन वैद्याने १७९१ मध्ये दीडच वेढ्यांच्या अशा कानाचे वर्णन केले होते. यात मातेला दोष देऊ नये. ग्रहणाशी याचा काहीही संबंध नाही.

कॉक्लिअर इम्प्लांट ध्वनीचे विद्युत्संकेतांत रूपांतर करून ते श्रवणाच्या मज्जातंतूस पोहोचविते. म्हणून सीटी स्कॅनने हाडांची रचना, तर एमआरआयने मज्जातंतू पाहिला जातो. वेढे कमी असले तरी अनेक बालकांना लाभ होतो. शंख मुळातच नसेल, तर हे उपकरण बसविता येत नाही. मज्जातंतू अतिशय बारीक असेल, तर लाभ अनिश्चित असतो. अशा वेळी अन्य पर्याय तज्ज्ञांना विचारावेत. सांकेतिक भाषा शिकणे ही हार नव्हे. तीही परिपूर्ण भाषाच आहे.

अशा रचनेच्या कानात मेंदूभोवतीचा द्रव पाझरण्याची व मेंदूच्या आवरणास संसर्ग होण्याची भीती अधिक असते. म्हणून न्यूमोकोकल लस वैद्यकीय सल्ल्याने शस्त्रक्रियेपूर्वीच पूर्ण करावी. ताप, उलट्या, मान आखडणे किंवा गुंगी दिसल्यास बाळास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

शस्त्रक्रिया हा केवळ आरंभ आहे. त्यानंतर काही वर्षे नियमित वाचा-उपचार आणि घरातील अखंड संभाषण यांतूनच बोलणे उमलते. खर्चाच्या भयाने थांबू नका. पात्र कुटुंबांसाठी केंद्र शासनाची ॲडिप योजना आहे.

“याचे वडीलही उशिराच बोलले होते,” असे म्हणून काळ दवडू नका. मेंदूची भाषा शिकण्याची उत्तम वेळ पहिल्या काही वर्षांचीच असते. बाळ आवाजाने दचकत नसेल, हाकेला वळत नसेल, तर आजच श्रवणतपासणी करून घ्या.