धबधबा ते समुद्र : अंतर राखून पाहण्याची सहल



दर वर्षी चैत्र महिन्यात कार्ल्याच्या डोंगरावर एक विलक्षण दृश्य दिसते. मुंबई, ठाणे आणि रायगडच्या किनारपट्टीवरील कोळी व आगरी समाजाचे हजारो भाविक पालख्या घेऊन घाट चढून येतात आणि एकवीरा आईच्या चरणी माथा टेकवितात. ज्यांचे पोट समुद्रावर, त्यांचे कुलदैवत मात्र घाटमाथ्यावर! हे नाते अतिशय जुने आहे. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ज्या व्यापारी मार्गांच्या आधाराने खोदली गेली, ते मार्ग कल्याण, चौल, सोपारा या बंदरांकडून घाट चढून देशावर येत असत. मावळ प्रांत आणि समुद्र हे असे जुने शेजारी आहेत.

आज या शेजाराची आठवण पुसट झाली आहे. किनाऱ्यावरचा माणूस लोणावळ्यास येतो तो बहुधा पावसाळी गर्दीतील एक म्हणून. मावळातील शाळकरी मुलांपैकी कित्येकांना समुद्र ठाऊक असतो तो पुस्तकातील चित्रातून. सकाळी घाटमाथ्यावरचा धबधबा आणि दुपारी किनाऱ्यावरची जीवसृष्टी, अशी जाणत्या मार्गदर्शकासह एका दिवसाची सहल काढता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच शाळांनी व ग्रामपंचायतींनी विचारात घेण्याजोगा आहे. लोणावळ्याहून खोपोली, पेणमार्गे अलिबागचा किनारा शंभर किलोमीटरच्या आत आहे. वाट सोपी आहे. कठीण आहे ती शिस्त, आणि प्रस्तुत विवेचनाचा रोख त्या शिस्तीवरच आहे.

पाण्याच्या दोन वाटा

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी कडेवर वसले आहे. नैऋत्य मोसमी वारे येथे डोंगराला अडतात आणि वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाडतात. हेच ढग पूर्वेकडे तळेगावपर्यंत पोहोचेतो बरेच रिते झालेले असतात. एकाच तालुक्यात पश्चिमेला भातखाचरे तुडुंब आणि पूर्वेला पावसाची वाट पाहणारी शेते, हे चित्र मावळच्या शेतकऱ्यास नवे नाही.

कड्याच्या माथ्यावर पडलेल्या पाण्याच्या दोन वाटा होतात. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेकडे वळते. देहू आणि आळंदीस वंदन करून ती तुळापूर येथे भीमेस मिळते आणि भीमा, कृष्णा या नद्यांच्या संगतीने तिचे पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचते. कड्याच्या पश्चिमेस पडलेले पाणी मात्र उल्हास, पाताळगंगा आणि अंबा या नद्यांतून कोकणात उतरते व थोड्याच काळात अरबी समुद्रास मिळते. हाताच्या अंतरावर पडलेले दोन थेंब देशाच्या दोन टोकांच्या समुद्रांत जातात. भूगोलाच्या शिक्षकास जलविभाजकाची व्याख्या समजावून देण्यासाठी याहून चांगला फळा मिळणार नाही.

या कथेत माणसाचाही हात आहे. १९१५ मध्ये टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोली येथे सुरू झाले. पूर्वेकडे वाहून गेले असते असे पाणी वळवण, लोणावळा व शिरवटा येथील तलावांत अडवून नळांवाटे सुमारे अर्धा किलोमीटर खाली सोडण्यात आले. वीजनिर्मितीनंतर हे पाणी पाताळगंगेस मिळते आणि पुढे धरमतरच्या खाडीकडे जाते. खोपोलीहून पेणकडे जाताना मुलांना हे सांगितले, तर अवघा प्रवासच धडा होईल.

धबधब्याचा स्वभाव

सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. थरावर थर साचले. त्यांतील काही कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजतो, कठीण थर टिकून राहतो आणि डोंगराला पायऱ्या पडतात. खंडाळ्याजवळचा कुणे धबधबा तीन टप्प्यांत कोसळतो, त्याचे मूळ या रचनेत आहे.

याच रचनेत धोकाही आहे. घाटमाथ्यावरील ओढ्यांचे पाणलोट क्षेत्र लहान, उतार तीव्र आणि खडकावर मातीचा थर पातळ असतो. पाणी जिरण्यास जागा नसते. समोर ऊन पडलेले असताना वरच्या डोंगरावर सर कोसळली, तरी काही मिनिटांत ओढ्याचे रूप पालटते. पाणी गढूळ होते, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागतात, वरच्या अंगाने घुमणारा आवाज वाढतो. गावातील गुराख्याला ही लक्षणे उपजत कळतात. शहरातून आलेल्या पाहुण्याला ती कळत नाहीत, आणि कळतात तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण प्रवाहाच्या मधोमध अडकले आणि वाहून गेले. त्यांत मुलेही होती. १५ जून २०२५ रोजी मावळातीलच कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला व चार जणांना प्राण गमवावे लागले. अशा प्रसंगी प्रशासनासमवेत लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र संस्थेचे स्वयंसेवक जीव धोक्यात घालून धावून जातात. परंतु शोधकार्य हे दुर्घटनेनंतरचे काम होय. भुशीच्या घटनेनंतर जिल्हा प्रशासनाने प्रतिबंधात्मक आदेश काढले, ते आवश्यकच होते. तथापि, आदेश कागदावर असतो, फलक खांबावर असतो. ओढ्याच्या काठी उभे राहून “आता मागे फिरा” असे सांगणारा माणूस मात्र गावानेच उभा करावा लागतो.

ऋतूंचे गणित

धबधबे आणि समुद्र एकाच दिवसात पाहण्याच्या बेतातील खरी अडचण रस्त्याची नसून ऋतूची आहे. आषाढ-श्रावणात धबधबे ऐन भरात असतात, तेव्हा समुद्र खवळलेला असतो. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांच्या मासेमारीस शासनाची बंदी असते आणि लहान प्रवासी नौकाही पावसाळ्यात बंद ठेवल्या जातात. हा काळ अनेक माशांच्या प्रजननाचाही आहे. नारळी पौर्णिमेस कोळी बांधव समुद्रास नारळ अर्पण करतात, त्यानंतरच होड्या पाण्यात लोटण्याचा विचार होतो. उलट हिवाळ्यात समुद्र शांत होतो, तेव्हा धबधब्यांच्या जागी काळा, कोरडा कातळ उरतो.

या दोन ऋतूंच्या सांध्यावर, साधारणपणे सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, थोडे दिवस असे मिळतात की धबधबे ओसरलेले पण जिवंत असतात आणि समुद्र निवळू लागलेला असतो. शालेय सहलीसाठी हाच काळ योग्य होय. धबधब्याचे रौद्र रूप तेव्हा पाहावयास मिळत नाही, हे खरे. परंतु खडकांचे थर, शेवाळ, नेचे आणि पाण्याची वाट नीट दिसते ती याच दिवसांत. तरीही परतीच्या पावसाच्या सरी दुपारनंतर येतात. म्हणून धबधबा सकाळी पाहावा आणि तोही काठावरूनच.

दुपारचे गणित भरती-ओहोटीचे. किनाऱ्यावरील जुनी माणसे तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी, म्हणजे बाराच्या आसपास. द्वादशीस बाराची पाऊणपट नऊ, म्हणून ओहोटी दुपारी सव्वातीनच्या सुमारास. सकाळी धबधबा पाहून दुपारी किनारा गाठणाऱ्या सहलीस द्वादशी किंवा त्रयोदशी सोयीची, ती यामुळे. शिवाय पौर्णिमा व अमावास्या जवळ असल्याने तेव्हा ओहोटीचे पाणी खूप मागे हटते आणि अधिक खडक उघडा पडतो. हा हिशेब वर्गात मुलांकडून करवून घ्यावा. प्रत्यक्ष निघण्यापूर्वी मात्र छापील वेळापत्रक पाहूनच वेळ निश्चित करावी.

किनाऱ्यावरची शाळा

समुद्रातील जीवसृष्टी पाहण्यास नौकाच हवी असे नाही. ओहोटीनंतर खडकांच्या खळग्यांत जे पाणी साचते, तेथे एक छोटा समुद्रच शिल्लक असतो. कातळाला घट्ट चिकटलेली कालवे, फुलासारखी उमलणारी आणि स्पर्श होताच मिटणारी समुद्रफुले, पाठीवर शंख घेऊन चालणारे खेकडे हे सारे बसल्या जागेवरून पाहता येते. वाटेत खाडीकाठच्या कांदळवनात चिखलावर उड्या मारणारी निवटी दिसते. हा मासा ओल्या चिखलावर बराच वेळ पाण्याबाहेर राहू शकतो. तिवरांच्या मुळांच्या आश्रयाने मासे, कोळंबी आणि चिंबोऱ्या वाढतात, म्हणून कांदळवन तोडणे म्हणजे कोळ्याच्या ताटातील घास काढून घेणे होय.

रायगडपासून सिंधुदुर्गपर्यंतच्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन आढळतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास सर्वोच्च दर्जाचे संरक्षण दिले आहे. तो दिसेलच असे आश्वासन कोणीही देऊ नये. जो नावाडी असे आश्वासन देतो, त्यास पुढे डॉल्फिनचा पाठलाग करावा लागतो. यंत्राच्या आवाजाने आणि नौकांच्या घेराने हा प्राणी त्रस्त होतो, त्याचे भक्ष्य शोधणे व पिलांना सांभाळणे अवघड होते. यंत्राचा वेग कमी करावा, दूर थांबावे आणि तो आपण होऊन दिसला तर पाहावा, हीच रीत योग्य.

खडकावरील प्राणी उचलू नयेत, शंख-शिंपले पिशवीत भरू नयेत, उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. पण भरतीचे पाणी परतीची वाट बंद करते, हे न ओळखणारे तेथे अडकून पडतात. येथेही घड्याळ मार्गदर्शकाच्या हाती असावयास हवे.

मार्गदर्शक कोण?

धबधब्यापाशी राखलेले अंतर पाहणाऱ्याचा जीव वाचविते. समुद्रात राखलेले अंतर ज्याला पाहावयाचे त्याचा जीव वाचविते. या सहलीचा सारा धडा एवढाच आहे, आणि तो शिकविणारा माणूस म्हणजे मार्गदर्शक. वाट दाखविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, “आज नाही” असे ठामपणे सांगणे हे त्याचे काम आहे.

असा माणूस बाहेरून आणावा लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथील ग्रामस्थांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण हाती घेतले. पुढे कासवांची पिले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येऊ लागले. पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय गावातील घरांत होते आणि पिले पाहावयाची ती दोरीच्या अलीकडे उभे राहून. कासवे वाचली तर गावाचा हंगाम वाचतो, हे तेथील घराघरांना उमगले आहे.

मावळातील गावांनाही हा मार्ग मोकळा आहे. ग्रामसभेने आपल्या शिवारातील ओढे, धबधबे, साकव यांची यादी करावी. कोठे उभे राहणे सुरक्षित, कोठे मुळीच नाही, हे जाणत्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवावे. गावातील तरुण-तरुणींना प्रथमोपचार, दोरीचा वापर व पाण्याची लक्षणे यांचे शिक्षण मिळेल अशी व्यवस्था तालुका प्रशासन, वन विभाग आणि बचाव कार्यातील स्वयंसेवक यांच्या सहकार्याने करावी. त्यांच्या श्रमाचा मोबदला ठरवून द्यावा, कारण फुकटच्या सल्ल्यास गर्दी मान देत नाही. शिक्षकांनी सहलीपूर्वी एक तास नकाशास आणि एक तास नियमांस द्यावा. किनाऱ्यावरील सोबत तेथील कोळी बांधवांची घ्यावी. समुद्र त्यांच्याइतका दुसऱ्या कोणास कळणार?

चैत्रात किनाऱ्यावरच्या पालख्या घाट चढून येतात. आश्विनात मावळातील मुलांनी पाण्याच्या वाटेने घाट उतरून त्यांच्या दारी जावे, ही या जुन्या शेजाराची योग्य परतफेड होईल. ती मुले संध्याकाळी सुखरूप घरी परततील आणि ज्या खळग्यापाशी ती बसली होती तो खळगाही होता तसाच राहील, तेव्हा ती सहल यशस्वी झाली असे समजावे.