ओवा, मध आणि कोंबड्याचे वीर्य



चर्चासत्राच्या अध्यक्षाने मोठ्या विषयावर बोलावे असा संकेत आहे. मी मात्र अर्ध्या मिलिलिटरभर पदार्थावर बोलणार आहे. कोंबडा एका वेळी साधारण इतकेच, बहुधा त्याहूनही कमी वीर्य देतो. त्यात शुक्राणू असतात तसे विष्ठेतले जंतूही असतात, कारण विष्ठा, मूत्र आणि वीर्य तिन्ही एकाच अवस्करातून (क्लोआकातून) बाहेर पडतात. म्हणून कृत्रिम रेतनासाठी वीर्य पातळ करताना पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन घालायची पद्धत पडली. ‘एवढ्याशा मात्रेने काय होते?’ असे विचारणारे आजही भेटतात. पण अपुऱ्या मात्रेतच जंतू औषधाला सरावतात, हे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल व्याख्यानातच बजावले होते.

प्रतिजैविकांना पर्याय हवा, याबद्दल दुमत नाही. मात्र वनस्पतींच्या अर्कांबद्दलचा उत्साह पाहून थोडी धास्ती वाटते. ओव्यातले थायमॉल घ्या. ते जंतूच्या स्निग्ध आवरणात शिरते आणि आवरण फुटते. शुक्राणूचेही आवरण स्निग्धच असते, शिवाय पक्ष्यांच्या शुक्राणूत सहज खराब होणारी असंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात. तेव्हा जंतू मरावा आणि शुक्राणू तरावा, अशी मात्रा सापडली तर ती फार अरुंद पट्ट्यातच सापडेल. मधाचेही तेच. पातळ केलेल्या मधात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. जंतूंना मारणारे हे द्रव्य शुक्राणूलाही सोसत नाही.

आता जरा पिंजऱ्यापाशी चला. एकाने कोंबडा धरलाय, दुसरा पाठीवरून शेपटीकडे हात फिरवून अवस्कराच्या दोन्ही बाजूंना हलकेच दाबतोय. दाब जरा जास्त झाला की पांढऱ्या वीर्यात पाणचट स्राव आणि युरेट मिसळतात. सकाळी खाद्य घातलेले असेल तर विष्ठाही येते. अशा एका कोंबड्याचे वीर्य गोळा करायच्या नळीत गेले की बाकीच्यांचेही नासते. संकलनाआधी काही तास खाद्य बंद ठेवणे, अवस्कराभोवतीची पिसे कातरणे, घाण झालेला नमुना निर्दयपणे फेकणे आणि प्रत्येक कोंबडीला नवी स्ट्रॉ वापरणे, यांतल्या कशालाच पेटंट मिळत नाही. म्हणून त्यावर निबंधही फारसे येत नाहीत. माझ्या मते पहिला पर्याय हाच. वीर्य अर्ध्या तासात वापरायचे असेल तर जंतूंना वाढायला फारसा वेळच मिळत नाही. पाच अंश सेल्सिअसला ते दिवसभर साठवायचे असेल, तिथे अर्कांची खरी परीक्षा आहे.

दुपारी निबंध वाचणाऱ्यांना एवढेच सांगतो: पेट्री डिशमध्ये जंतू न वाढलेल्या वर्तुळाचा व्यास सांगून थांबू नका. उबवणीच्या सातव्या दिवशी कँडलिंग केले तेव्हा किती अंडी फलित निघाली, ते सांगा. आणि हळदीतले कुर्कुमिन पाण्यात विरघळत नाही. ते अल्कोहोलात विरघळवले असेल, तर नुसते अल्कोहोल घातलेला गटही तक्त्यात दाखवा. तो नसेल, तर पहिला प्रश्न विचारायचा हक्क अध्यक्ष म्हणून मी राखून ठेवला आहे.