दान आणि भांडवल

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात बाळकुम येथे दिलेले भाषण)



आपल्या मंडळाचा मदतनिधी दरवर्षी विधवा, अपंग व निराधार कुटुंबांस वाटला जातो. ही प्रथा पुण्यप्रद आहे, यात संशय नाही. तथापि तेच कुटुंब पुढील वर्षी पुन्हा अर्ज घेऊन उभे राहते, तेव्हा आपण त्याची भूक भागविली, परंतु विवंचना मिटविली नाही, असे आम्हांस नम्रपणे वाटते. त्याविषयीच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात भगिनी पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांपैकीच एक. भांडवल किती? समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांजकडून उसने घेतलेले ८० रुपये! पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. तोटा आला तरी कोणाकडून देणगी घ्यावयाची नाही, असा त्यांचा निश्चय होता. मळलेले पीठ घरी न्यावे, पापड लाटून वाळवून आणावेत आणि मजुरी घ्यावी. घर सांभाळूनच धंदा. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. त्याच 'लिज्जत'मध्ये पुढे चाळीस हजारांहून अधिक भगिनींस काम मिळाले, आणि २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली. ते ८० रुपये दान म्हणून वाटले असते, तर सात घरांत आठवड्याचा बाजार झाला असता, एवढेच.

कोणी म्हणेल, त्या धडधाकट होत्या, दुबळ्यांचे काय? १९५१ साली बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले, तेव्हा त्यांच्यासोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये होते. खडकाळ जमिनीत विहीर खणून त्या झडलेल्या बोटांनी भाजीपाला पिकविला. परंतु कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी विकत घ्यावयास लोक प्रारंभी धजेनात. यावरून बोध असा की, काम देणाऱ्याइतकाच तो माल घेणाराही उपकारकर्ता असतो. गिऱ्हाईक नसेल, तर उद्योग पोरकाच.

दूर आफ्रिकेतील कित्येक खेड्यांतही धर्मादाय संस्था हाच मार्ग चोखाळतात. गरीब कुटुंबास शेळी वा गाय द्यावयाची. मात्र तिला होणारी पहिली मादी त्या कुटुंबाने दुसऱ्या गरजूच्या दारी बांधावयाची, अशी अट. काल ज्याने हात पसरला, तोच आज दाता होतो. आमच्या मते या सर्व योजनेचे मर्म येथेच आहे. पोट भरते हे खरे. पण मान ताठ होते, हे अधिक मोलाचे.

आता आपल्या गावाकडे पाहू. बाळकुमची भातशेती गेली, खाडीवरील मासेमारी आटली. त्या जागी उंच इमारती आल्या. आपण त्याबद्दल हळहळतो. परंतु त्याच इमारतींत तांदळाची भाकरी, घरचा मसाला, सुकी मासळी यांचे गिऱ्हाईक राहते, हे आपण विसरतो. आपल्या भगिनींच्या हाती ही विद्या आहे. उणीव आहे ती तराजू, शेगडी व पहिल्या मालापुरत्या पैशांची.

म्हणून आमची सूचना अशी की, मदतनिधीचा एक तृतीयांश भाग यापुढे बिनव्याजी भांडवल म्हणून द्यावा. परतफेड सोयीच्या हप्त्यांनी व्हावी आणि परत आलेली रक्कम लगेच पुढील गरजूस मिळावी. हिशेब दोन भगिनींनी ठेवावा. जे अंथरुणास खिळले आहेत वा वार्धक्याने थकले आहेत, त्यांची मदत मात्र पूर्वीप्रमाणेच चालू राहिली पाहिजे. त्यांजकडे परतफेडीची गोष्टही काढू नये.

आणि शेवटची विनंती येथे बसलेल्या प्रत्येक घरास. लग्नकार्यात, हळदीत, सणावारी लागणारा जिन्नस प्रथम या भगिनींकडून घ्यावा, आणि भावात घासाघीस करू नये. निधीत देणगी देणे प्रत्येकास शक्य नसेल. गिऱ्हाईक होणे सर्वांस शक्य आहे.