ताईचा आजार, माझी फाईल



माझ्या ताईला ल्युपस आहे. ताई इंदूरला शाळेत गणित शिकवते, आई-बाबा तिच्याजवळ असतात आणि मी नोकरीसाठी हैदराबादला. तुमच्यापैकी अनेकांची घरं अशीच दोन-तीन राज्यांत विखुरलेली असतील. म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे: अशा लांबलेल्या आजारात दूर राहणाऱ्या भावंडाने नेमकं करायचं काय?

आधी आजार समजून घेऊ. आपली प्रतिकारशक्ती म्हणजे शरीराचं पोलीस खातं. ल्युपसमध्ये हे पोलीस घरच्याच माणसांना चोर समजून झोडपायला लागतात. कधी सांधे, कधी त्वचा, कधी मूत्रपिंडं. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही. दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात. तो मुळापासून घालवणारं खात्रीचं औषध आज नाही; आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत. काही महिने सगळं शांत असतं, आणि मग अचानक आजार उसळतो.

ताईचं निदान व्हायला दोन वर्षं लागली. सकाळी बोटं आखडायची, तोंडात फोड यायचे, केस गळायचे. आणि थकवा असा, की आंघोळ करून आली की पुन्हा आडवी व्हायची. एक डॉक्टर म्हणाले, "लग्नाचं टेन्शन असेल." घरी येणारे म्हणायचे, "दिसतेस तर छान!" म्हणून भावंडाचं पहिलं काम म्हणजे विश्वास ठेवणं. थकवा एक्स-रेमध्ये दिसत नाही. ती "आज जमत नाही" म्हणाली, तर त्याचा पुरावा मागायचा नाही.

दुसरं काम कारकुनाचं, आणि ते हैदराबादहूनही होतं. ताईची फाईल माझ्याकडे आहे. प्रत्येक रिपोर्टचा ती फोटो पाठवते, मी तारखेनुसार तक्ता भरतो. लघवीतलं प्रथिन किती, क्रिएटिनिन किती, कुठली गोळी कधी कमी-जास्त झाली, डोळे तपासायची तारीख कधी. ती हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन घेते, आणि हे औषध वर्षानुवर्षं चाललं तर डोळ्यांच्या पडद्यावर लक्ष ठेवावं लागतं.

एकदा लागोपाठ दोन रिपोर्टमध्ये प्रथिनाचा आकडा चढलेला दिसला. ताईला काहीच त्रास नव्हता. पण ल्युपस मूत्रपिंडात शिरतो तेव्हा सुरुवातीला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. पुढच्या तारखेची वाट न बघता ती डॉक्टरांकडे गेली. बायोप्सी झाली, उपचार बदलले, मूत्रपिंडं वाचली. मी डॉक्टर नाही. मी फक्त दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले होते.

मार्च २०२० आठवतो? कोरोनावर चालेल या आशेने हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवर उड्या पडल्या, २५ मार्चला सरकारने तिच्या निर्यातीवर बंदी घातली. ताईची रोजची गोळी दुकानातून गायब! मी इथून इंदूरच्या केमिस्टना एकामागून एक फोन लावले, प्रिस्क्रिप्शन पाठवलं, तेव्हा कुठे दोन पट्ट्या मिळाल्या. ते फोन ताईला करावे लागले नाहीत, एवढंच माझं काम.

तिसरं काम नातेवाइकांचं. आमचे एक काका दर आठवड्याला सांगायचे, "स्टिरॉइड बंद कर, इम्युनिटी वाढवणारा काढा घे." मी त्यांना म्हटलं, "काका, पोलीस आधीच घरात लाठ्या चालवताहेत, त्यांना आणखी लाठ्या कशाला द्यायच्या?" आणि हेही सांगितलं, की बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवणं धोक्याचं असतं. बाहेरून मिळतंय म्हणून शरीर स्वतःचं संप्रेरक बनवणं कमी करतं. गोळी अचानक बंद केली, तर जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरांनीच, पायरीपायरीने उतरवायचा. आता काका फोन मला करतात. चालेल!

पण एक काम आपलं नाही, ते म्हणजे निर्णय. आई-बाबांना वाटत होतं, ताईने नोकरी सोडावी. ताई म्हणाली, "वर्गात मी आजारी नसते रे, वर्गात मी मॅडम असते." नोकरी ठेवायची, हे तिनेच ठरवलं. अडचण उन्हाची होती. उन्हाने ल्युपस उसळू शकतो, आणि शाळेची प्रार्थना मैदानावर. मी अर्जाचा मसुदा केला, तिने त्यातली दोन वाक्यं खोडून स्वतःची घातली आणि मुख्याध्यापिकांना दिला. आता प्रार्थनेच्या वेळी ती व्हरांड्यात उभी असते.

मंडळी, आपण फोनवर विचारतो, "कशी आहेस?" या प्रश्नाला आजारी माणूस "बरी आहे" म्हणतो आणि उलट आपल्यालाच धीर देतो. त्यापेक्षा विचारा, "या आठवड्यातलं कुठलं काम मी घेऊ?" औषधं मागवणं, विम्याचे कागद, काकांचा फोन, काहीही. तिच्याकडे दिवसाची ताकद मोजकी असते. ती अशा कामांत खर्च झाली नाही, तर गणित शिकवायला उरते, हसायला उरते, आणि माझ्याशी भांडायलासुद्धा.