हिमशिखराला निघण्याआधी

साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ मध्ये एव्हरेस्ट गाठलं आणि एप्रिल २०२१ मध्ये ८,०९१ मीटर उंचीचं अन्नपूर्णा शिखर सर केलं. तुम्हालाही हिमशिखर खुणावत असेल, तर सुरुवात प्रशिक्षणापासून करा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत दोर, कुऱ्हाड आणि बुटांना लावायचे काटे वापरायला रीतसर शिकवतात.

दम वाढवायला साताऱ्यात यवतेश्वरचा घाट आहे, सांगलीकरांना दंडोबाचा डोंगर. पाठीवर भरलेली सॅक घेऊन चढा आणि तशीच उतराही. गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते.

विरळ हवेचा सराव मात्र इथे होत नाही. आपलं महाबळेश्वर जेमतेम १,४०० मीटरवर. म्हणून हिमालयात ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती हवीच. डोकं दुखून मळमळू लागलं, तर पुढे चढू नका. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर ताबडतोब खाली उतरा.

हिमनदीवरच्या खोल भेगा ताज्या बर्फाखाली दिसत नाहीत. म्हणून सगळे एकाच दोरात, अंतर राखून, दोर फार ढिला न सोडता चालतात. उन्हानं बर्फ मऊ पडतो, त्यामुळे शिखराची चढाई बहुधा रात्रीच सुरू होते.

आणि हो, हवामान बिघडेल हे धरून परतीच्या तिकिटाआधी दोन-चार दिवस राखून ठेवा.