टिंबाची किंमत

(दापोडी येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत ‘प्रोग्रॅमिंगच्या भाषा आणि अनुभवाचं शिक्षण’ असं छापलं आहे. प्रोग्रॅमिंग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आयटी कंपन्यांची हिंजवडी येते. मी आज सुरुवात कारखान्यांच्या भोसरीपासून करणार आहे. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जण रोज प्रोग्रॅम वाचतात, दुरुस्त करतात आणि चालवतात. त्यांना कोणी प्रोग्रॅमर म्हणत नाही. कोणी मशीन लावून देणारा सेटर आहे, कोणी सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनचा, ऑपरेटर. त्यांची भाषा म्हणजे जी-कोड. जी ०० म्हणजे टूल झपाट्याने नेणे, जी ०१ म्हणजे ठरावीक फीडने, म्हणजे कापण्याच्या वेगाने, सरळ रेषेत कापणे, एम ०३ म्हणजे स्पिंडल फिरवणे, एम ०८ म्हणजे कूलंट सुरू करणे. आपल्या पट्ट्यात जितक्या घरांची चूल या भाषेवर चालते, तितकी दुसऱ्या कुठल्याही संगणकीय भाषेवर चालत असेल असं मला वाटत नाही.

या भाषेचं मूळ अमेरिकेत आहे. जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वाकडे आकार अचूक हवे होते. त्या प्रयत्नांतून १९५२ साली एमआयटी या संस्थेत तीन अक्षांचं मिलिंग मशीन भोकं पाडलेल्या पट्टीवरून चालवून दाखवण्यात आलं. एकेका हालचालीचे आकडे हाताने काढत बसणं फार किचकट होतं. म्हणून डग्लस रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथेच एपीटी नावाची भाषा बांधली. तीत बिंदू, रेषा, वर्तुळ अशी भूमिती सांगायची आणि टूलचा मार्ग संगणकाने काढायचा. आज ऑफिसात बसून कॅम सॉफ्टवेअरवर प्रोग्रॅम काढणारी मुलं त्याच वाटेने चालली आहेत.

आता एका टिंबाकडे या. मशीन चालवणाऱ्या अनेक फानुक कंट्रोलरवर, विशेषतः जुन्या सेटिंगमध्ये, ‘झेड १००’ लिहिलं आणि पुढे दशांशचिन्ह दिलं नाही तर त्याचा अर्थ शंभर मिलिमीटर होत नाही. तो होतो शंभर मायक्रॉन, म्हणजे एक दशांश मिलिमीटर. टूल जॉबपासून, म्हणजे घडवायच्या तुकड्यापासून, शंभर मिलिमीटर वर उचलायचं असतं, ते केसाएवढं उचललं जातं. पुढच्या ओळीत जी ०० असतो, टूल झपाट्याने आडवं जातं आणि जॉब धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर आदळतं. मशीन ठोकलं, असं आपण म्हणतो. टूल मोडतं, कधी स्पिंडलच्या बेअरिंगपर्यंत दुखणं जातं, आणि छोट्या वर्कशॉपचा महिन्याचा हिशेब कोलमडतो.

टिंब असलेली आणि नसलेली, कंट्रोलरच्या लेखी दोन्ही ओळी शुद्ध आहेत. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, हे त्याला कळायला मार्ग नाही. भाषा राखण करत नाही तिथे माणसांनी राखण उभी केली. नवा प्रोग्रॅम आला की जाणता सेटर आधी ड्राय रन घेतो. ऑफसेट वर उचलून टूल हवेतच फिरवून बघतो. मग सिंगल ब्लॉक लावतो, म्हणजे बटण दाबलं की एकच ओळ चालते. रॅपिड, म्हणजे जी ०० चा वेग, पंचवीस टक्क्यांवर आणतो. आणि प्रत्येक ओळीला ‘डिस्टन्स टू गो’चा आकडा बघतो: टूल अजून किती जाणार आहे, आणि डोळ्यांना तेवढं अंतर मोकळं दिसतं आहे का? दोन्ही जुळले नाहीत तर हात थांबतो. शेवटी पहिला पीस इन्स्पेक्शनला जातो. तो पास झाल्याशिवाय लॉट सुरू होत नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या हातात हीच साधनं वेगळ्या नावांनी असतात. डीबगरमध्ये एकेक ओळ चालवून प्रत्येक चलाची किंमत बघायची, हा सिंगल ब्लॉकच. खऱ्या गिऱ्हाइकाच्या माहितीला हात न लावता प्रोग्रॅम वेगळ्या जागी चालवून बघणं हा ड्राय रन. टेस्ट म्हणजे पहिल्या पीसची तपासणी, फक्त ती दर बदलानंतर आपोआप होते. या साधनांमुळे चूक लवकर कळते. लवकर कळलेली चूक स्वस्त असते, उशिरा कळलेली महाग. साधन विकत घेताना किंवा शिकताना मी हीच एक कसोटी लावतो.

काही भाषांनी ही राखण स्वतःच्या अंगावर घेतली. निकलाउस विर्थ यांनी १९७० साली मांडलेली पास्कल त्यांतली एक. तिच्यात कुठल्या नावाखाली काय ठेवणार, हे आधी जाहीर करावं लागतं. आकड्याच्या जागी अक्षर ठेवलं तर प्रोग्रॅम चालण्याआधीच कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या सूचनांत भाषांतर करणारं साधन, अडवतो. या पास्कलचा एक धागा पुण्याशी जुळलेला आहे. केसव नोरी हे भारतीय संशोधक १९७० च्या दशकात झुरिचला विर्थ यांच्या गटात होते. तिथे पास्कल-पी कंपायलरच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. त्या कंपायलरची युक्ती अशी, की कुठल्याही एका संगणकासाठी सूचना न काढता त्या एका साध्या काल्पनिक यंत्रासाठी काढायच्या. नव्या संगणकावर तेवढं छोटं यंत्र प्रोग्रॅमने उभं केलं, की पास्कल तिथे चालू लागते. पुढे जावा भाषेत हाच विचार जगभर गेला. नोरी नंतर पुण्यात आले आणि १९८१ साली सुरू झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये त्यांनी दीर्घकाळ काम केलं. कंपायलर बांधणं ही परदेशी प्रयोगशाळांचीच मक्तेदारी आहे असं मानणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे माहीत असायला हवं.

पण भाषा कितीही कडक असली तरी तिच्या नजरेतून काही चुका सुटतातच. १९९९ च्या सप्टेंबरात नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरने आवेगाचे आकडे पाउंडांच्या मापात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापात धरले. आकडे ठीक होते, माप वेगळं होतं. आपला सेटर प्रोग्रॅमच्या डोक्यावर जी २१ लिहितो, म्हणजे इंच नाही, मिलिमीटर. ती एक ओळ लिहिण्याची सवय किती मोलाची आहे, हे मंगळाने शिकवलं.

आता मला सगळ्यांत जास्त कळकळ आहे त्या मुद्द्याकडे येतो. अनुभव येतो, पण तो राहतो कुठे? ऑफिसातून प्रोग्रॅम येतो. मशीनवर सेटर फीड कमी करतो, कारण टूलचा कापणारा तुकडा, म्हणजे इन्सर्ट, लवकर झिजत असतो. एक ओळ वाढवतो, कारण क्लॅम्प आडवा येतो. जॉब उत्तम निघतो. सहा महिन्यांनी तोच जॉब परत येतो, ऑफिसातली जुनी प्रत मशीनवर चढते, आणि तोवर सेटर चाकणला दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. क्लॅम्प मात्र तिथेच असतो. एका माणसाने घामाने मिळवलेलं ज्ञान दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून मिळवावं लागतं. हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

याला इलाज आहे आणि तो फुकट आहे. जी-कोड हा साधा मजकूर आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेलं गिट हे साधन अशा मजकुराचा प्रत्येक बदल जपतं: कोणी केला, कधी केला आणि, लिहिणाऱ्याने लिहिलं तर, का केला. एखाद्या प्रोग्रॅममध्ये हजार बदल झाले आणि मध्येच कुठेतरी बिघाड शिरला, तर दरवेळी उरलेल्यांतला निम्मा भाग बाद करत साधारण दहा तपासण्यांत तो नेमका बदल सापडतो. यासाठी वर्कशॉपच्या कोपऱ्यातला जुना संगणक पुरतो. फक्त ‘का’ लिहिण्याची शिस्त हवी. ‘फीड कमी केला’ एवढं पुरेसं नाही. ‘कडक मटेरियलचा लॉट होता, इन्सर्ट टिकेना, म्हणून फीड कमी केला’ असं लिहा. जी-कोडमध्ये कंसात टीप लिहिता येते. ती मराठीत पण रोमन अक्षरांत लिहा, म्हणजे मशीनच्या पडद्यावरही दिसेल.

आता तर साध्या भाषेत सांगितलं तरी संगणक प्रोग्रॅम लिहून देतो. त्याचा वापर अवश्य करावा. पण तुमच्या टेबलावर क्लॅम्प कुठे बसवला आहे आणि तुमच्या कंट्रोलरला टिंब लागतं की नाही, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. म्हणून तपासणाऱ्या माणसाची गरज वाढली आहे, आणि त्याच्या नोंदींची तर कितीतरी पटीने.

माझी एक सूचना आहे. दापोडीत एकाच गल्लीत भोसरीला जाणारा सेटर राहतो आणि हिंजवडीला जाणारी सॉफ्टवेअर इंजिनिअरही राहते. ही व्याख्यानमाला भरवणाऱ्या मंडळाने महिन्यातून एक संध्याकाळ त्यांना एकत्र बसवावं. तिने त्याला गिट शिकवावं, त्याने तिला ‘डिस्टन्स टू गो’ बघायला शिकवावं. आयटीआयच्या मुलांना मागे बसून ऐकू द्यावं. एकाने सोसलेली चूक दुसऱ्याला सोसावी लागू नये, एवढी सोय आपण आपल्या वस्तीत नक्की करू शकतो. मंडळाने होकार दिला तर पहिल्या बैठकीची जबाबदारी मी घेतो.