अ‍ॅशचा भुंगा आणि आपली नजर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. तिथल्या जंगलांवर आलेल्या एका संकटाविषयी आज थोडे बोलतो.

डेट्रॉईटजवळची अ‍ॅशची झाडे का वाळतात, याचे कारण २००२ साली सापडले. पूर्व आशियातून आलेला, जेमतेम अर्धा इंच लांबीचा, पाचूसारखा हिरवा भुंगा! बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून तो आला. त्याच्या अळ्या सालीखालचा थर पोखरतात, झाडाचे अन्न अडते आणि काही वर्षांत झाड मरते. मेलेल्या झाडांची वर्षवलये तपासली, तेव्हा कळले की हा पाहुणा १९९०च्या दशकातच मुक्कामाला आला होता. कुणाला पत्ताच नव्हता. आजवर कोट्यवधी झाडे गेली.

त्याचा माग काढायला आता झाडांवर जांभळे चिकट सापळे टांगतात. पण शास्त्रज्ञ किती झाडांना पुरणार? ओरेगॉन राज्यात हा भुंगा पहिल्यांदा सापडला तो ३० जून २०२२ रोजी, एका प्राथमिक शाळेच्या आवारात. मुलांना न्यायला आलेल्या एका पालकाचे लक्ष वाळत चाललेल्या झाडांकडे गेले. ते स्वतः जीवशास्त्रज्ञ होते. खोडावर इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी भोके दिसताच त्यांनी ओळखले आणि कळवले. राज्याचा आराखडा आधीच तयार होता, त्यामुळे काम लगेच सुरू झाले. भुंगा तिथून गेलेला नाही, पण त्याला रोखण्याची धडपड तरी वेळेवर सुरू झाली.

हा भुंगा स्वतः फार लांब उडत नाही. त्याला लांब नेतो तो माणूस, गाडीत टाकलेल्या सरपणाबरोबर. म्हणून तिकडे सहलीला जाताना सांगतात, लाकूड घरून नेऊ नका, जिथे जाल तिथलेच घ्या.

आपल्यापैकी जे निर्यातीच्या धंद्यात आहेत, त्यांनी लाकडी पॅलेटवरचा गव्हाच्या लोंबीचा शिक्का पाहिला असेल. त्यात ‘एचटी’ अक्षरे असली, तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवलेले असते. तो शिक्का म्हणजे नुसता सोपस्कार नव्हे. त्यावर दूरच्या कुठल्या तरी जंगलाचा जीव अवलंबून असतो.

गुरुजनांना एकच विनंती. मुलांना आवारातली झाडे नावानिशी ओळखायला शिकवा. निरोगी झाड ज्याच्या ओळखीचे असते, त्यालाच आजारी झाड आधी दिसते.